प्रक्षेप की टीका? : ‘पोकेमॉन’च्या चाहतेकृत फेररचनांचा संहितालक्ष्यी विचार

१

मूळ संहितेत दुसऱ्या कोणी घातलेल्या भरीकडे कसे पाहावे, हा प्रश्न मराठी वाङ्मयविचाराला नवा नाही. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढील लेखकांसाठी एक ताकीदही नोंदवून ठेवली. या ग्रंथात जो आपली ओवी मिसळील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा तिचा आशय आहे. या ताकिदीत एक पूर्ण संहिताविचार सामावलेला आहे. मूळ कृती ही पूर्ण आहे, तिच्यात बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट विजातीय आहे, आणि संपादकाचे काम ती विजातीय गोष्ट ओळखून बाजूला काढण्याचे आहे, ही या विचारातील तीन गृहीतके होत. मात्र ज्या ग्रंथाच्या रक्षणासाठी ही ताकीद दिली गेली तो ग्रंथ स्वतः एक टीका आहे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी लागते. दुसऱ्याच्या शब्दांभोवती आपले शब्द गुंफण्याला संपूर्ण विरोध असता तर ज्ञानेश्वरी निर्माणच झाली नसती. म्हणजे परंपरेला भर घालणे अमान्य नव्हते; भर घालण्याचा एक प्रकार अमान्य होता. तो प्रकार कोणता, हे नेमके सांगणे मात्र वाटते तितके सोपे नाही.

हा प्रश्न आज एका अनपेक्षित क्षेत्रात पुन्हा उभा राहिला आहे. जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी ‘पोकेमॉन’ या खेळाच्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ अशा दोन आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. अद्भुत प्राणी पकडणे, त्यांना वाढवणे, त्यांच्या झुंजी लावणे आणि त्यांचा संग्रह पूर्ण करणे, हे या खेळाचे सूत्र. गेल्या पाव शतकात या खेळाच्या आणि त्याच्या उत्तरावृत्त्यांच्या संहितेत चाहत्यांनी असंख्य फेरफार केले. नवे प्रदेश, नवे प्राणी, नव्या कथा आणि नवे नियम घालून त्यांनी ज्या आवृत्त्या रचल्या त्यांना खेळाडूंच्या भाषेत ‘रॉम हॅक’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना ‘फेररचना’ म्हटले आहे. या फेररचनांना आजवर दोनच विशेषणे लाभली : कायद्याच्या दृष्टीने चोरी आणि चाहत्यांच्या दृष्टीने प्रेम. या दोन्ही विशेषणांनी कृतीचे वर्णन होत नाही; केवळ कर्त्याच्या हेतूचे होते. समीक्षेने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. फेररचना ही मूळ संहितेशी कोणते नाते जोडते? ती प्रक्षेप आहे की टीका?

२

प्रथम मूळ संहितेचे स्वरूप पाहू. ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या आवृत्त्यांची जपानी संहिता अवघ्या ५१२ किलोबाइट स्मृतीत बसवलेली होती. पडदा १६० गुणिले १४४ बिंदूंचा, छटा चार. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांनी बालपणीच्या कीटकसंग्रहाच्या छंदातून ही कल्पना घेतली. तोक्योच्या परिसरातील शेते आणि तळी शहरीकरणाने नाहीशी झाली आणि त्याबरोबर तो छंदही दुर्मीळ झाला. दोन गेम बॉय यंत्रे जोडणारी तार पाहून तिच्यावरून कीटक इकडून तिकडे जात आहेत असे त्यांच्या मनात आले, असे त्यांनी सांगितले आहे. देवघेव हे या खेळाचे बीज होते ते असे.

या संहितेत रिक्त जागा आहेत, आणि त्या केवळ अर्थाच्या पातळीवर नाहीत. वोल्फगांग इझर यांनी वाचकाने भरावयाच्या रिक्त जागांची जी संकल्पना मांडली ती येथे अगदी शब्दशः लागू पडते. खेळाडूला दिसणारे प्राणी १५१ असले तरी संहितेच्या अंतर्गत यादीत १९० स्थाने आहेत. उरलेली ३९ स्थाने रिकामी आहेत. रचनाकाळात कल्पिलेले आणि पुढे वगळलेले प्राणी तेथे होते. अंतर्गत यादीचा क्रम खेळात दिसणाऱ्या क्रमाहून वेगळा असून तिच्या आरंभी ऱ्हायडॉन हा प्राणी येतो. म्हणजे हा क्रम निर्मितीच्या इतिहासाची खूण जपतो. एखाद्या विशिष्ट कृतीने खेळाडू या रिकाम्या स्थानाशी जाऊन पोचला तर ‘मिसिंगनो’ नावाची एक विस्कटलेली आकृती पडद्यावर येते. संहितेतील अभाव येथे स्वतःचे नाव धारण करून प्रकट होतो. १५१वा प्राणी म्यू हाही असाच, चाचणीची साधने काढून घेतल्यावर उरलेल्या थोड्याशा जागेत शिगेकी मोरिमोतो यांनी अखेरच्या क्षणी घातलेला. थोडक्यात, ज्या संहितेला आपण ‘मूळ’ म्हणतो तिच्यातच गाळलेले आणि मागाहून घातलेले असे दोन्ही प्रकारचे भाग आहेत. तिची पूर्णता ही वाचकाने मानलेली पूर्णता आहे.

फेररचनाकार नेमका येथून प्रवेश करतो. ३९ रिकाम्या स्थानांत प्राणी भरणे ही ‘रेड’च्या अनेक फेररचनांतील एक प्रचलित युक्ती आहे. रोलां बार्त यांनी १९७० मध्ये ‘वाचनीय’ आणि ‘लेखनीय’ अशा दोन प्रकारच्या संहितांत भेद केला, तेव्हा लेखनीय संहितेचा वाचक हा तिचा सहनिर्माता असतो असे त्यांनी मानले. तेथे ‘लेखन’ हे रूपक होते. येथे वाचक खरोखरच संहितेत लिहितो.

३

फेररचना ज्या रूपात एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जाते ते रूप संहिताशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत लक्षणीय आहे. फेररचनाकार साधारणपणे बदललेला संपूर्ण खेळ वाटत नाही. तो एक ‘पॅच’ देतो. या पॅचमध्ये मूळ खेळ नसतो. मूळ संहितेच्या कोणत्या स्थानी किती बाइट बदलावयाचे आणि तेथे काय लिहावयाचे एवढ्याच नोंदी असतात. आय.पी.एस. या जुन्या आणि साध्या प्रकारात प्रत्येक नोंदीचे तीन भाग असतात : स्थान, लांबी आणि नवा मजकूर. ज्याच्यापाशी मूळ संहिता नाही त्याच्या दृष्टीने हा पॅच निरर्थक अंकांची रांग असते.

केवळ भेदांनी बनलेली संहिता, असे तिचे वर्णन करता येईल. भाषेत फक्त भेद असतात हे सोस्यूर यांचे प्रतिपादन आपल्या परिचयाचे आहे. परंतु एवढ्या दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. संस्कृत टीकावाङ्मयात ‘प्रतीक’ देण्याची पद्धत आहे. टीकाकार संपूर्ण श्लोक उद्धृत करीत नाही. त्याचा आरंभीचा शब्द देतो आणि लगेच विवरणाकडे वळतो. श्लोक वाचकापाशी आहे, पोथीत किंवा मुखात, हे त्याने गृहीत धरलेले असते. पॅचमधील ‘स्थान’ हे असे प्रतीक आहे. ते मूळ संहितेकडे बोट दाखवते, तिची जागा घेत नाही. पॅच लावल्यानंतरही मूळ प्रत अबाधित उरू शकते; अमृताचे ताट जसेच्या तसे राहते आणि शेजारी दुसरे ताट मांडले जाते.

जरार झनेत यांनी १९८२ मध्ये एका संहितेवर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या संहितेच्या नात्याचे विस्तृत वर्गीकरण केले. विडंबन, अनुकृती, स्थानांतर असे अनेक प्रकार त्यांनी मांडले. त्या सर्वांत दुसरी संहिता स्वतंत्रपणे वाचता येते हे गृहीत आहे. मूळ कृती न वाचताही विडंबनाची अक्षरे तरी डोळ्यांपुढे येतातच. पॅचच्या बाबतीत तेवढेही शक्य नाही. म्हणून झनेत यांच्या कोष्टकापेक्षा टीकेची कल्पना येथे अधिक उपयोगी ठरते.

हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये चाहत्यांच्या निर्मितीला ‘चोरटी शिकार’ हे रूपक लावले, हे सर्वश्रुत आहे. मिशेल द सेर्तो यांच्याकडून घेतलेले हे रूपक सहानुभूतीने वापरलेले असले तरी त्यात एक जमीनदार, एक कुंपण आणि एक घुसखोर अशी रचना आधीच मान्य केलेली आहे. वाचक नेहमी दुसऱ्याच्या रानात असतो. टीकेच्या परंपरेत रान असे कोणाचेच नसते. मूळ असते, आणि त्याच्याशी बांधील राहून बोलणारे अनेक जण असतात. ही बांधिलकी कोणती, हे पाहण्यासाठी आता फेररचनांच्या अंतरंगाकडे वळले पाहिजे.

४

गेम बॉयवरील फेररचनेला मर्यादांचे एक कडक शास्त्र आहे. संवादाची चौकट दोन ओळींची आणि इंग्रजी आवृत्तीत ओळीत १८ अक्षरे. प्राण्याचे नाव इंग्रजीत १० अक्षरांचे, जपानीत ५. प्राण्याचा क्रमांक एका बाइटात साठवलेला असल्याने एकूण मूल्ये २५६ च्या पलीकडे जाऊ शकत नाहीत. १९९९ मध्ये आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या आवृत्त्यांनी प्राण्यांची संख्या २५१ वर नेली तेव्हा ही मर्यादा जवळजवळ गाठली गेली होती. त्यामुळे या आवृत्त्यांवर, किंवा त्यांच्यानंतर २००० मध्ये आलेल्या ‘क्रिस्टल’वर, काम करणाऱ्या फेररचनाकाराला नवा प्राणी आणायचा तर बहुधा जुना बाहेर काढावा लागे. ही मर्यादा ओलांडण्याच्या युक्त्या पुढे सापडल्या. परंतु दीर्घकाळ प्रत्येक भर ही एक वजाबाकीही होती. आरंभीच्या फेररचनाकारांपाशी तर बाइट थेट बदलण्याचे साधनच काय ते होते, आणि एका शब्दाच्या जागी तेवढ्याच अक्षरांचा दुसरा शब्द बसवणे हाच त्यांच्यापुढील सोपा मार्ग होता.

मराठी वाचकाला येथे मोरोपंतांची आठवण व्हावी. अष्टोत्तरशत रामायणे रचताना त्यांनी स्वतःवर एकाहून एक कठोर बंधने घालून घेतली. ‘निरोष्ठ रामायणा’त तर ओष्ठ्य वर्णच वर्ज्य केले. कथा सर्वांना ठाऊक आहे आणि ती बदलायची नाही, तेव्हा कवीचे कर्तृत्व बंधनाच्या निर्वाहात दिसते. अर्थात दोहोंत भेद आहे. मोरोपंतांचे बंधन स्वेच्छेने पत्करलेले होते. फेररचनाकाराचे बंधन यंत्राने लादलेले. तथापि आज, जेव्हा कोणत्याही संगणकावर कोणत्याही आकाराचा स्वतंत्र खेळ रचणे शक्य आहे, तेव्हा गेम बॉयच्या १९८९ मधील यंत्राच्या मर्यादेत राहून काम करणे हेही स्वेच्छेने पत्करलेले बंधनच झाले आहे. तंत्राची गरज संपल्यावर बंधन रूपबंधात परिवर्तित होते, हा वाङ्मयेतिहासातील एक परिचित प्रकार येथेही आढळतो.

परंतु बंधनाचा निर्वाह हा केवळ कौशल्याचा निकष आहे, अर्थाचा नव्हे. मोरोपंतांच्या चित्रकाव्यावर घेतला गेलेला आक्षेप बहुसंख्य फेररचनांवरही घेता येईल. प्रतिस्पर्ध्यांचे प्राणी अधिक बलवान करून खेळ ‘कठीण’ करणाऱ्या फेररचनांची संख्या फार मोठी आहे. त्यांतील पुष्कळशा मूळ संहितेविषयी काहीही म्हणत नाहीत. त्या तिची पातळी वाढवतात, तिचा अर्थ वाढवीत नाहीत.

५

टीकेचे पहिले काम पाठनिश्चिती. या क्षेत्रात ते काम झाले आहे, आणि ज्या काटेकोरपणाने झाले आहे तो पाठचिकित्सेच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखा आहे. ‘प्रेट’ या सामूहिक नावाने काम करणाऱ्या हौशी अभ्यासकांनी ‘रेड’, ‘क्रिस्टल’ इत्यादी खेळांची यंत्रभाषा उलगडून तिला माणसाला वाचता येईल असे रूप दिले. प्रत्येक विधीला नाव दिले. हे उलगडलेले रूप पुन्हा यंत्रभाषेत आणले असता मूळ कार्ट्रिजमधील संहितेशी ते बाइटागणिक जुळते, आणि तसे ते जुळावे ही या कामाची कसोटी आहे.

या संहितेत दोष आहेत. एकच उदाहरण घेऊ. ‘रेड’मध्ये मनःशक्तीचे प्राणी भुतांना आणि कीटकांना भितात, असे एक पात्र सांगते. प्रत्यक्षात संहितेतील गुणकांच्या कोष्टकात भुतांच्या हल्ल्याचा मनःशक्तीच्या प्राण्यांवर परिणाम शून्य असा नोंदला गेला आहे. पात्राचे विधान आणि कोष्टकातील नोंद यांत उघड विसंगती आहे. संपादकाने काय करावे? ‘प्रेट’च्या अभ्यासकांनी मूळ पाठात दोष तसेच ठेवले, ‘क्रिस्टल’च्या बाबतीत तर दोषांची आणि त्यांच्या दुरुस्तीची यादी त्यांनी संहितेबाहेर, वेगळी दिली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्यातही प्रक्षिप्त ठरलेले श्लोक नष्ट केलेले नाहीत. ते तारांकित करून रेषेखाली किंवा परिशिष्टात छापले आहेत. निश्चित पाठ आणि त्याविषयीचे मत यांच्यामध्ये रेषा ओढणे हे दोन्हीकडील समान तत्त्व आहे. हेतू मात्र उलट आहेत. सुकथनकरांपुढे अनेक हस्तलिखिते होती आणि त्यांच्या पाठीमागील पाठ हाती नव्हता. येथे पाठ हाती आहे. हरवला आहे तो कर्त्याचा अभिप्राय.

अनेक फेररचना हा दोष दुरुस्त करतात, आणि येथेच शुद्धी आणि विवरण यांची सीमा पुसट होते. शून्याच्या जागी दुप्पट हा गुणक लिहिला की पात्राचे विधान खरे ठरते. परंतु त्याने खेळात फारसे काही बदलत नाही; कारण मूळ संहितेत हा गुणक ज्याला लागू पडेल असा भुतांचा हल्ला एकच, आणि तोही अत्यंत दुबळा आहे. शिवाय त्या खेळातील भूतवर्गाचे तिन्ही प्राणी विषवर्गाचेही असल्याने मनःशक्तीपुढे स्वतःच हतबल होतात. म्हणजे पात्राचे वाक्य कोष्टकाने खोटे ठरवले एवढेच नव्हे, तर संपूर्ण रचनेने ते निष्फळ केले आहे. ते वाक्य खऱ्या अर्थाने खरे करायचे तर नवा हल्ला घालावा लागतो. काही फेररचनाकार पुढील अधिकृत आवृत्तीतला भुतांचा एक बलवान हल्ला येथे आणतात. हा बदल केवळ पाठशुद्धीचा राहत नाही. संहितेने जे म्हटले पण केले नाही, ते करून दाखवण्याचा हा प्रयत्न आहे. यालाच आपण भाष्य म्हणतो.

६

आता आशयाशी संबंधित तीन उदाहरणे पाहू.

पहिले देवघेवीचे. मूळ खेळात कडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर आणि हॉण्टर हे चार प्राणी दुसऱ्या खेळाडूला दिल्याखेरीज अंतिम रूप धारण करीत नाहीत. ‘रेड’मध्ये मिळणारे काही प्राणी दुसऱ्या आवृत्तीत मिळत नाहीत, आणि उलट. आरंभीच्या तीन प्राण्यांतून एकच निवडावा लागतो. तात्पर्य, एकट्याने संग्रह पूर्ण करणे अशक्य व्हावे अशी ही रचना आहे. असंख्य फेररचना हा नियम सर्वप्रथम काढून टाकतात. विशिष्ट पातळी गाठली किंवा एखादी वस्तू वापरली की रूपांतर घडते, आणि सर्व प्राणी एकाच आवृत्तीत मिळतात. हा बदल सोयीचा म्हणून सहज स्वीकारला जातो, परंतु त्याने खेळाचे बीजच बदलते. दुसऱ्यावाचून अपूर्ण असणाऱ्या संग्राहकाची कथा ही स्वयंपूर्ण संग्राहकाची कथा होते. यासाठी फेररचनाकाराला दोष देणे मात्र अपुरे ठरेल. ही संहिता आज बहुधा संगणकावर, इम्युलेटरच्या साहाय्याने, एकट्यानेच वाचली जाते. ज्यांच्यापर्यंत गेम बॉय, तार आणि शेजारी बसणारा दुसरा खेळाडू हे तिन्ही कधी एकत्र आलेच नाहीत, अशा भारतीय वाचकांना हे सांगावयास नको. फेररचना येथे मूळ संहितेचे नव्हे, तर तिच्या आजच्या वाचनस्थितीचे भाष्य करते. आणि त्या भाष्यातून मूळ संहितेने वाचकाकडून किती मोठी अपेक्षा केली होती हे प्रथमच स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण २०१८ मधील ‘क्रिस्टल क्लिअर’ या फेररचनेचे. मूळ खेळांत प्रवास हा बंद दारांच्या मालिकेतून होतो : तोडावे लागणारे झाड, वाट अडवून झोपलेला प्राणी, पेय मिळाल्याखेरीज न हलणारे पहारेकरी. एक दार उघडले की पुढचे दिसते. यालाच तेथे कथानक म्हणतात. ‘क्रिस्टल क्लिअर’ने ही दारे काढून घेतली. प्रवासाचा आरंभ कोठून करावा आणि गुरूंना कोणत्या क्रमाने भेटावे हे खेळाडू ठरवतो. मिळवलेल्या पदकांच्या संख्येनुसार प्रतिस्पर्ध्यांचे बळ बदलते. एस्पेन आर्सेत यांनी १९९७ मध्ये ज्या संहितांचा विचार मांडला, ज्यांच्यातून मार्ग काढण्यासाठी वाचकाला प्रत्यक्ष श्रम करावे लागतात, त्यांत आणि कथात्म संहितेत असलेला ताण या फेररचनेने उघडा केला आहे. क्रम गेला तरी प्रदेश उरतो, व्यक्ती उरतात, एकेक प्रसंग उरतो. मात्र ‘आता मी येथवर आलो’ ही जाणीव उरत नाही. जे गेले ते पाहूनच मूळ संहितेत काय होते ते कळते.

तिसरे उदाहरण ‘प्रिझम’ या ‘क्रिस्टल’वरील फेररचनेचे. मूळ आवृत्त्यांतील नायकाच्या घरी आई असते. पिता कोठेच नसतो, आणि त्याविषयी कोणी बोलतही नाही. ‘प्रिझम’चा नायक हा लान्स या विख्यात योद्ध्याचे अपत्य आहे. तो एका खाणीत शिरतो, भूकंप होतो आणि तो नालजो या अपरिचित प्रदेशात बाहेर पडतो. अधिकृत मालिकेनेही २००२ मधील ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या आवृत्त्यांत नायकाला पिता दिला होता. परंतु तेथे तो वाटेवरील एक गुरू आहे. ‘प्रिझम’मध्ये पित्याचे नाव आधीच मोठे आहे आणि त्या नावाच्या प्रदेशाबाहेर फेकले गेल्यानंतरच अपत्याची कथा सुरू होते. हॅरल्ड ब्लूम यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पूर्वसूरींच्या दडपणाचा विचार आठवावा अशीच ही रचना आहे. मूळ मालिकेचे नाव घेऊनच जन्मणे आणि तिच्या नकाशाबाहेर आपली भूमी शोधणे, ही नायकाची स्थिती फेररचनेचीही स्थिती आहे. याच फेररचनेत काही भागांत खेळाडूला स्वतः प्राणी होऊन वावरावे लागते. पकडणाऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या संहितेत पकडल्या जाणाऱ्याची बाजू येथे थोडा वेळ उमटते.

७

‘प्रिझम’ची रचना आठ वर्षे चालली होती. डिसेंबर २०१६ मध्ये, ठरलेल्या प्रकाशनाला काही दिवस उरले असताना, निन्टेन्डोच्या वतीने कायदेशीर सूचना आली आणि रचनाकाराने प्रकाशन थांबवले. त्यानंतर अनाम लोकांनी ती फेररचना सार्वजनिक केली आणि तिच्यातील दोष दुरुस्त करण्याचे कामही पुढे चालू राहिले. ज्या संहितेचा कर्ता कायद्यापुढे माघार घेतो आणि जी पुढे कर्त्याविना वाढत जाते, तिच्या बाबतीत ‘लेखकाचा मृत्यू’ हा शब्दप्रयोग वापरण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. येथे लेखक मेलेला नाही. त्याला गप्प बसवले गेले आहे, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत.

संहितेच्या मालकाचा अधिकार कायद्याने मान्य केलेला आहे. त्याची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. परंतु मालकाचा आक्षेप आणि एकनाथांचा आक्षेप यांत भेद आहे, आणि तो स्पष्ट करणे समीक्षेचे काम आहे. एकनाथांना भय होते ते मिसळणीचे. परकी ओवी ज्ञानदेवांची म्हणून वाचली जाईल, वाचकाला भेद कळणार नाही, हा त्यांचा प्रश्न होता. मालकाचा आक्षेप भेद कळतो की नाही यावर अवलंबून नाही. एकनाथांची कसोटी लावली तर फेररचनांचे दोन वर्ग स्पष्टपणे वेगळे होतात. पॅचच्या रूपात, मूळ कोणते आणि आपले कोणते हे सांगत येणारी फेररचना ही टीका आहे. तीच फेररचना कार्ट्रिजमध्ये भरून, अधिकृत वाटेल असे वेष्टन लावून बाजारात विकली की ती प्रक्षेप होते. संहिता तीच असते. पुसली जाते ती भेदाची खूण. याहून टोकाचे उदाहरण म्हणजे ‘टेलिफँग’ या वेगळ्याच जपानी खेळाच्या बनावट इंग्रजी प्रती, ज्या ‘पोकेमॉन डायमंड’ आणि ‘पोकेमॉन जेड’ या नावांनी विकल्या गेल्या. तेथे संहितेत पोकेमॉनचे काहीच नव्हते, फक्त नाव होते. आणि नेमकी म्हणूनच ती नरोटी होती.

यावर एक आक्षेप शक्य आहे. पॅच लावून झाल्यावर खेळाडूला भेद दिसत नाहीत. त्याच्यापुढे एकच अखंड खेळ असतो. मग खूण उरली कोठे? ती वाचकाच्या स्मरणात उरते, हे याचे उत्तर. दारे नसलेल्या प्रदेशाचा अर्थ ज्याला दारे आठवतात त्यालाच लागतो. परंतु हे उत्तर तात्पुरते आहे, हेही मान्य केले पाहिजे. ज्यांनी मूळ खेळ कधी पाहिला नाही आणि फेररचनांतूनच या जगात प्रवेश केला असे वाचक आहेत. त्यांच्या दृष्टीने टीका हेच मूळ आहे. हे अघटित मानण्याचे कारण नाही. गीतेशी मराठी मनाचा परिचय शतकानुशतके ज्ञानेश्वरीतून झाला. टीका मूळ झाली, आणि तिच्या रक्षणासाठी एकनाथांना उभे राहावे लागले. फेररचनांवर फेररचना रचल्या जात आहेतच. एका रचनाकाराने सिद्ध केलेला पाया दुसऱ्याची मूळ संहिता होतो. मूळ आणि टीका ही संहितेची जात नसून संहितांच्या साखळीतील स्थाने आहेत, असा निष्कर्ष यातून निघतो.

या स्थानांचे नीतिशास्त्र मूळ खेळातच एका छोट्या नियमाच्या रूपाने सांगितलेले आहे, याकडे अखेरीस लक्ष वेधावेसे वाटते. देवघेवीत आलेल्या प्राण्यावर त्याच्या पहिल्या सांभाळकर्त्याचे नाव कायम राहते. नवा सांभाळकर्ता त्याला वाढवू शकतो. किंबहुना असा प्राणी अधिक वेगाने वाढतो. पुरेशी पदके मिळवली नसतील तर तो आज्ञा मानीत नाही. आणि लॅव्हेंडर गावातील नावे बदलून देणारा गृहस्थ त्याचे नाव बदलून देण्यास नकार देतो. दुसऱ्याचे घ्यावे, वाढवावे, त्यासाठी लागणारी योग्यता आधी मिळवावी. पण त्याच्यावरचे पहिले नाव पुसू नये. टीका आणि प्रक्षेप यांच्यातील रेषा ती हीच. फेररचनांचे मूल्यमापन त्यांच्या नवेपणावर किंवा आकारावर न करता, त्या मूळ संहितेविषयी काय दाखवून देतात आणि तिचे नाव कसे बाळगतात यावर केले, तर चोरी आणि प्रेम या दोन्ही विशेषणांची गरज उरणार नाही. असे मूल्यमापन करण्याची साधने आपल्या टीकापरंपरेत पूर्वीपासून सिद्ध आहेत. ती या नव्या संहितांना लावून पाहण्याचे काम बाकी आहे.